भाऊबीजेची पिवळी पिशवी

प्लेटलेट्सची पिशवी पिवळी असते, हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. रक्त म्हणजे लाल, एवढंच आपलं ज्ञान. पहिली पिशवी टांगली तेव्हा मी सिस्टरला म्हटलं, "अहो, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना लावलंत? हे तर वरणाच्या पाण्यासारखं दिसतंय." ती हसली आणि म्हणाली, "सवय होईल."

सवय झाली. पाच महिन्यांत अशा किती पिशव्या माझ्या अंगात गेल्या ते मोजणं मी पुढे सोडून दिलं. बहुतेक वाया गेल्या. एक मात्र टिकली, आणि ती टिकली म्हणूनच मी सगळ्यात मोठ्या संकटात सापडले. ते कसं झालं ते सांगायला हे लिहितेय. माझ्यासारखी एखादी बाई आत्ता कुठल्यातरी वॉर्डात पडलेली असेल. तिच्या आधी तिच्या भावानं हे वाचावं.

पपईची पानं

मी कामशेतला राहते. टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये कामाला आहे, म्हणजे जरबेराच्या आणि केळीच्या एवढ्याशा तुकड्यापासून काचेच्या बाटलीत रोपं वाढवायची. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या नडग्यांवर बारीक लाल ठिपके आले. लॅबमध्ये शिरताना पाय धुवावे लागतात, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "काय गं, घरी मच्छरदाणी नाही का?" मीही डासांवर ढकलून मोकळी झाले. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पाळी आली ती थांबेचना. नऊ दिवस, बारा दिवस, सोळा दिवस. हे सांगायचं कुणाला? मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याला, विलासला, कळलं ते मी गॅसच्या ओट्यापाशी चक्कर येऊन पडले तेव्हा.

आमच्या मावळात पावसाळ्यात प्लेटलेट्स कमी झाल्या की तो डेंगूच. जवळच्या एका लहान हॉस्पिटलात मला भरती केलं, तिथल्या बाकी सगळ्यांना तेच होतं. माझी तपासणी 'नाही' म्हणाली, परत केली, परत 'नाही' म्हणाली. "कधी कधी दाखवत नाही," असं म्हणून सलाईन चालू राहिलं. भेटायला येणाऱ्यांचं औषध आणखी वेगळं. कुणी शेळीचं दूध आणलं, कुणी किवी. सासूबाई तर रोज सकाळी पपईच्या पानांचा रस घेऊन हजर.

"डोळं मिट अन् गिळ. वरच्या आळीतल्या पोराच्या चार दिसात वाढल्या."

"आई, तो लय कडू आहे हो."

"मंग काय गुळवणी करून देऊ? गिळ मुकाट."

गिळला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माणसाला निदान दीड लाख प्लेटलेट्स लागतात. माझ्या अकरा हजार होत्या त्या नवव्या दिवशी सात हजारांवर आल्या, आणि त्या डॉक्टरांनीच मग हात टेकले आणि आम्हाला पुण्याला पाठवलं.

कॅन्सर नाही

पुण्यात कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढून तपासला. तीन दिवसांनी मॅडमनी, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरांनी, आम्हा दोघांना समोर बसवलं.

"रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तुमचा मगज जवळजवळ रिकामा आहे. ॲप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात याला. कॅन्सर नाही हा."

'कॅन्सर नाही' ऐकल्याबरोबर विलासनं हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "हात जोडण्यासारखं नाही हो. याच्यातही माणूस जातो."

यावर मी काय विचारलं असेल? "सोमवारी कामावर जाऊ शकेन का?" आमची जरबेराची मोठी बॅच निघायची होती ना! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

उपाय एकच सांगितला. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर तो मला द्यायचा. मला भाऊ एकच, दत्ता, चार वर्षांनी धाकटा. आमचं माहेर पवनेच्या बाजूला. दत्ता भात लावतो आणि एरवी पॅराग्लायडिंगवाल्यांची जीप चालवतो. ते लोक डोंगरावरून उडून कुठल्यातरी शेतात उतरतात आणि हा त्यांना गोळा करून परत वर नेतो. त्याचं रक्त तपासलं. पूर्ण जुळलं. "नशीबवान आहात," मॅडम म्हणाल्या, "सख्खं असलं तरी जुळेलच असं नसतं." आणि त्याच दमात म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. भावाचं रक्त किंवा प्लेटलेट्स आत्ता यांना अजिबात द्यायच्या नाहीत. ट्रान्सप्लांट होईपर्यंत नाही." का, तेही त्यांनी सांगितलं होतं. पण विलासचं डोकं तोवर भरून गेलं होतं. त्यानं बाहेर जाऊन दत्ताला फोन केला आणि एवढंच सांगितलं, "तू काही द्यायचं नाही म्हणतात. तुला जपायचंय."

लगेच ट्रान्सप्लांट करता आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझ्या छातीत बुरशीचं इन्फेक्शन निघालं. बारा वर्षं मी बाटल्यांमधली बुरशी शोधून बाटल्या बाहेर काढत आले, आणि ती बया माझ्याच फुप्फुसात येऊन बसली. ती जाईपर्यंत थांबायचं ठरलं. थांबायचं, म्हणजे तोवर दुसऱ्यांच्या प्लेटलेट्सवर जगायचं.

एका तासाचा हिशेब

सकाळी सहाला रक्त काढायचे. नऊला आकडा यायचा. दुपारी पिशवी लागायची आणि ती संपल्यावर एका तासानं परत रक्त. ब्रश बंद, ओल्या कापसानं दात पुसायचे. जोरात शिंकायचं नाही. संडासला जोर करायचा नाही. पलंगावरून उठायचं-उतरायचं तर बेल वाजवायची. पडून डोक्याला लागलं तर आत रक्तस्राव होईल आणि मग कुणाच्याच हातात काही नाही, हे सिस्टरनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. मला शिंक आली की मी दोन्ही हातांनी डोकं धरायची. हसू नका, खरंच धरायची.

पहिल्या काही पिशव्यांनी आकडा वाढला. मग एक दिवस पिशवीआधी सहा हजार आणि पिशवीनंतर तासाभरानं सहा हजार. दुसऱ्या दिवशी पाच आणि पाच. मॅडमनी आणखी एक तपासणी केली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसून सांगितलं.

"तुमची दोन बाळंतपणं झालीत, शिवाय महिन्याभरात इतक्या जणांच्या पेशी अंगात गेल्यात. तुमचं शरीर आता परकी पेशी ओळखायला शिकलंय. प्रत्येकाच्या प्लेटलेटवर त्याची त्याची खूण असते. ती दिसली की तुमचं शरीर तिला संपवतं."

"सगळ्यांच्याच?"

"जवळजवळ सगळ्यांच्याच."

एका पिशवीसाठी एक माणूस दीडेक तास हाताला यंत्राची नळी लावून बसतो. कान्ह्याहून, कामशेतहून पोरं मोटरसायकलवर येत होती, कामावर खाडा करून. त्यांचं दिलेलं माझ्या अंगात तासभरही राहत नव्हतं. मला त्या पोरांपुढे तोंड दाखवायची लाज वाटायची. रक्तपेढीत त्या पिशव्या फ्रीजमध्ये नाही, हलत्या ट्रेवर ठेवतात आणि तरी त्या पाचच दिवस टिकतात, हेही तेव्हा कळलं. म्हणजे साठवून ठेवायचीही सोय नाही.

बाटल्यांचं काम

माझी मोठी मुलगी श्रावणी सातवीत आहे. मुलांना वॉर्डात येऊ देत नसत, म्हणून व्हिडिओ कॉल. एकदा ती म्हणाली, "आई, तू तर लॅबमध्ये एका पानाची हजार झाडं करतेस. मग प्लेटलेट्स का नाही करत?"

पोरीचा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारला. त्यांनी खुर्ची ओढली. एरवी त्या उभ्यानंच बोलायच्या.

"करतात. बाहेरच्या देशांत करतात. मूळपेशी घ्यायची, म्हणजे जिच्यापासून काहीही घडू शकतं अशी पेशी. तिच्यापासून एक मोठी पेशी घडवायची. तिचे तुकडे पडतात, त्या प्लेटलेट्स. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे, ती खूण आधीच काढून टाकता येते. मग तुमचं शरीर तिला परकी म्हणणार नाही."

मी उठून बसले. बेल न वाजवता.

"मग मागवा ना मॅडम!"

"मागवण्यासारखं नाहीये अजून. मोजक्या माणसांवर चाचण्या झाल्यात. तुमची एक बाटली खराब झाली तर तुम्ही काय करता?"

"फेकून देते. शेजारच्या चारही फेकते."

"एका पिशवीत किती प्लेटलेट्स असतात, शून्यं लिहिता लिहिता तुमचा हात दुखेल. तेवढ्या वाढवायच्या, त्यातली एकही बाटली खराब होऊ द्यायची नाही, आणि हे रोज, हजारो लोकांसाठी. होईल. पण तुम्हाला उपयोगी पडेल एवढ्यात होणार नाही. खोटं कशाला सांगू?"

त्यांचा मला राग नाही आला. बाटलीतलं काम किती हट्टी असतं ते माझ्याइतकं त्या वॉर्डात कुणालाच कळत नव्हतं. एकदा माझा चिमटा ज्योतीवर नीट तापला नव्हता आणि आठवड्याची बॅच गेली होती. रोप मेलं तर दुसरं लावता येतं, म्हणून आपण फेकून मोकळे होतो. पण आशा वेडी असते. मी फोनवर रात्रंदिवस तेच शोधत बसले. विलासनं कामावरच्या सुपरवायझरकडून इंग्रजीत एक मेल लिहून घेतला आणि तिकडच्या एका प्रयोगशाळेला पाठवला, की माझ्या बायकोला एक पिशवी द्या, आम्ही येऊन घेऊन जातो. आम्ही येऊन घेऊन जातो! जणू काही लोणावळ्याहून चिक्की आणायची होती. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. दिलगीर आहोत, प्रयोगाबाहेर कुणालाही देता येत नाही, लवकर बऱ्या व्हा. ते वाचून मी उशीत तोंड घालून रडले. मोठ्यानं रडायचीही चोरी, नाकातून रक्त यायचं.

भाऊबीज

भाऊबीजेच्या दिवशी वॉर्डात निरांजन लावायला परवानगी नव्हती. सिस्टरनं दत्ताला मास्क आणि गाऊन घालून पाच मिनिटांसाठी आत सोडलं. माझ्या हाताला पिशवी चालूच होती. स्टीलच्या ताटलीत सुपारी ठेवून मी एका हातानं त्याला ओवाळलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचं सगळं लक्ष वरच्या पिशवीकडे.

"काय रे, ओवाळणी कुठाय? हात हलवत आलास?"

"दिलीया की."

"कुणाकडे?"

"पोचंल तुला. पोचायलाच लागलीया."

मला वाटलं विलासकडे दिली असेल. हा नेहमी असाच, अर्धं पोटात ठेवून बोलतो. पाच मिनिटं संपली आणि तो गेला.

एका तासानं रक्त काढलं. संध्याकाळी सिस्टर पळत आली. चौतीस हजार. तिला वाटलं मशीन चुकलं असेल, म्हणून परत मोजलं होतं. चौतीस हजारच! दुसऱ्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी सत्तावीस. तोंडातलं रक्त थांबलं. पाळीसारखं जे महिनाभर चालू होतं तेही थांबलं. मी वरणभात खाल्ला आणि दुपारभर झोपले. मला वाटलं, वाचले मी.

मॅडम तर माझ्याहून खूश. "हा डोनर शोधा," त्या म्हणाल्या, "याची खूण तुमच्याशी जुळतेय. आठवड्यातून एकदा आला तरी आपण तरून जाऊ." रक्तपेढीतून कागद आला. मॅडमनी नाव वाचलं. दत्तात्रय, पुढे माझ्या माहेरचं आडनाव, वय बत्तीस. रुग्णाशी नातं या रकान्यात लिहिलं होतं 'गाववाला'.

"ओळखीचे आहेत का हे?"

"अहो मॅडम, हा तर माझा भाऊ!"

किती अभिमानानं सांगितलं मी ते. मॅडमचा चेहरा असा उतरला की माझं हसू तोंडावरच राहिलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे रक्तपेढीत कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि दत्ताचं रक्त जुळलं त्या दिवशी मी न ऐकलेलं त्यांनी सगळं परत सांगितलं.

दत्ताचं जुळत होतं म्हणूनच त्याच्या प्लेटलेट्स टिकल्या. पण जुळणाऱ्या माणसाचीही बारीकसारीक ओळख शरीराला आधीच पटली, तर उद्या त्याचाच मगज आत घातल्यावर शरीर तो झिडकारू शकतं. म्हणून तर मनाई होती. "बिघडलंच असं नाही म्हणत मी," मॅडम म्हणाल्या. "पण धोका वाढला. आणि आता त्यांची एकही पिशवी नाही."

तू मला मारलंस

विलासनं दत्ताला बोलावून घेतलं. तो वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला. मॅडमनी त्याला बाहेरच सगळं सांगितलं होतं.

"ताय, मला वाटलं मला जपत्यात. म्हनलं मी काय ल्हान हाय का? बहीन रगात वकतीया अन् मी दंड सांभाळत बसू? त्या भाऊबीजंला रिकाम्या हातानं कसा यिऊ सांग की."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "तू मला मारलंस, दत्ता."

हे वाक्य मी बोलले. लिहिताना गाळता आलं असतं, पण मग बाकीचं तरी कशाला लिहायचं? तो खालच्या मानेनं वळला आणि जिना उतरून गेला. विलास त्याच्या मागे धावला, मग परत आला आणि मला म्हणाला, "त्याला का बोलतेस? निरोप मी नीट दिला नाही. मला बोल." मी त्यालाही बोलले. आजारी माणूस गरीब गाय असतो, असं समजू नका. सासूबाईंनी फोनवर मध्ये पडायचा प्रयत्न केला, "रगताचा भाऊ हाय, त्येचं रगत वंगाळ कसं व्हईल गं?" तर मी फोनच कापला.

पुढचे दीड-दोन महिने मी कसे काढले ते मलाच सांगता येत नाही. जी पिशवी टिकते ती चालत नाही, आणि जी चालते ती टिकत नाही. भरलं ताट समोर आणि तोंड बांधलेलं. डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं आणि पेपरचा अर्धा भाग दिसेनासा झाला. त्या दिवशी विलास मॅडमच्या पाया पडायला गेला. "दत्त्याला बोलवा. नंतरचं नंतर बघू."

"नंतरचं बघायला त्या असाव्यात म्हणूनच नको म्हणतेय ना!" मॅडम पहिल्यांदा त्याच्यावर ओरडल्या. मग त्यांनी रक्तपेढीच्या वहीतली नावं चाळून, तपासून, माझ्याशी थोडेफार जुळणारे दोन डोनर काढले. एक बाई आणि एक निवृत्त गृहस्थ, एवढंच मला सांगितलं. त्यांच्या पिशव्या दीड दिवस टिकायच्या. दीड दिवस! ती दोघं पाळीपाळीनं येत राहिली. त्यांना मी आजतागायत पाहिलेलं नाही. त्या काळात मी देवाचं नाव फारसं घेतलं नाही, या दोघांची वाट मात्र रोज पाहिली. बाई कधी येणार हे मी सिस्टरला दिवसातून चारदा विचारायची.

मरणाची भीती आता सतत असायची. विशेष म्हणजे मला मुलांचं काही सुचायचं नाही. मरताना दुखेल का, हेच डोक्यात. आपण इतक्या स्वार्थी आहोत याची लाज वाटायची आणि लाज वाटूनही भीती जायची नाही.

शून्य

छातीतली बुरशी जानेवारीत आटोक्यात आली. मला काचेच्या वेगळ्या खोलीत नेलं, औषधांनी माझा उरलासुरला मगज पुसून काढला, केस गेले. दत्ताला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडांतून मगज काढला आणि दुपारी तो माझ्या नळीतून आत सोडला. मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल. दोन-तीन तासांत झालंसुद्धा. ही पिशवी लाल होती.

त्या दिवसापासून मनाई उठली. आता दत्ताचं काहीही चाललं असतं, उलट तेच हवं होतं. तो दोनदा येऊन प्लेटलेट्स देऊन गेला. काचेबाहेर उभा राहायचा, हात वर करायचा आणि निघून जायचा. आमच्यात बोलणं काहीच नव्हतं. मी त्याला 'ये' म्हटलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं.

नवा मगज रुजला की आधी पांढऱ्या पेशी दिसतात. शेजारच्या खोलीतल्या काकांच्या पंधराव्या दिवशी दिसल्या. त्यांच्या घरच्यांनी सिस्टरना खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. माझा पंधराव्या दिवशी आकडा शून्य. अठराव्या दिवशी शून्य. एकविसाव्या दिवशी सकाळी मॅडम आल्या आणि काही लपवलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत थांबायचं. नाही आलं, तर मगज रुजला नाही असं धरायचं. पुन्हा करता येतं, पुन्हा दत्ताचाच घेऊन, पण माझ्या अंगात तेवढं त्राण उरलंय का ते बघावं लागेल.

मी "बरं" म्हटलं. मला खरंच वाटलं की आता संपलं. आणि त्या क्षणी मला दत्ता दिसायला लागला. अठ्ठाविसाव्या दिवशी कुणीतरी त्याला सांगणार, बाबा रे, बहिणीचं शरीर तुझा मगज घेत नाही. तो काय समजणार ते काय मला माहीत नव्हतं? ते मीच त्याच्या कानात घालून ठेवलं होतं.

त्याच दिवशी तो तिसऱ्यांदा प्लेटलेट्स देऊन गेला आणि खालून त्यानं फोन केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"ताय, आकडा आला का गं?"

मी समोरच्या फळ्याकडे बघितलं. सिस्टरनं सकाळीच शून्य लिहिलेलं.

"आलाय," मी म्हटलं. "वर चाललाय."

"खरं?"

"मग खोटं सांगते का मी? तुझा मगज आहे, रुजणार नाही तर काय करेल? जा, घरी जाऊन जेव."

तो एकदम रडायलाच लागला. एवढा बाप्या माणूस, रक्तपेढीच्या बाहेर उभा राहून हुंदके देत होता. मी फोन कानाला धरून ठेवला. मला वाटत होतं, मी मेले तरी याच्याकडे हा एक फोन राहील.

विलासला मी बजावलं, त्याला खरं सांगायचं नाही. विलास म्हणाला, "अठ्ठाविसाव्या दिवशी काय सांगशील?" मी म्हटलं, "तेव्हा बघू." तोही अडून बसला नाही. त्याच्याकडे तरी दुसरं काय होतं?

तेवीस, चोवीस, पंचवीस. शून्य, शून्य, शून्य.

सव्विसावा दिवस

सव्विसाव्या दिवशी सकाळी सिस्टर कागद घेऊन आली आणि फळा न पुसताच उभी राहिली. "तीनशे आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "काय तीनशे?" दुसऱ्या दिवशी सहाशे. अठ्ठाविसाव्या दिवशी अकराशे. मॅडम खोलीत आल्या आणि त्यांनी मास्कच्या वरूनच डोळे पुसले. म्हणाल्या, "आलंय. घेतलंय शरीरानं."

आज मी घरी आहे. मूठभर गोळ्या चालू आहेत, डावा डोळा अजून अंधूक आहे, लॅबमध्ये जायला परवानगी नाही. मागच्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या प्लेटलेट्स नव्वद हजारांवर होत्या, कुणाची पिशवी न लावता. उद्याचं कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. घरात कुणाला हा आजार निघाला, तर सख्ख्यांनी रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि 'का नाही' हे प्रत्येकाला समजेपर्यंत परत परत विचारा. रक्तपेढीत नातं लपवू नका. आणि जवळच्या रक्तपेढीत आपलं नाव नोंदवून ठेवा. बाटलीतली प्लेटलेट वॉर्डात येईल तेव्हा येईल, मी तिची वाट बघत बसले असते तर आज हे लिहायला नसते. मी दोन अनोळखी माणसांवर तगले.

राहता राहिला दत्ता. अठ्ठाविसाव्या दिवशी मॅडम गेल्याबरोबर मी त्याला फोन लावला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता, तो डोंगरावर जीपपाशी असणार.

"दत्ता, आला रे आकडा! अकराशे! घेतलाय तुझा मगज!"

"म्हंजे?" तो म्हणाला. "तू तर मागल्या आठवड्यातच सांगितलंतस. म्या तवाच समद्या गावात पेढं वाटलं."

"हो रे," मी म्हटलं, "परत सांगावंसं वाटलं."

पलीकडे नुसता वारा. मग त्यानं हळूच विचारलं, "ताय, त्या दिशी न्हवता का गं आला?"

"नव्हता."

जीपचं दार लागल्याचा आवाज आला आणि वारा थांबला.

"बरं," तो म्हणाला. "मंग आज परत वाटतो."